ओव्हनचं माप आधी, भेट नंतर: घरी केक-बिस्किटं करणाऱ्यांसाठी परवडणाऱ्या भेटी

दिवाळी जवळ आली, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरली नाही, की बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो: वहिनी घरी केक करतात, त्यांना यंदा काय घ्यायचं? उत्तर बहुतेक वेळा दुकानदारच देतो. गुलाबी खोक्यातला चोवीस नोझलचा, म्हणजे क्रीमची नक्षी काढायच्या टोकांचा सेट, नाहीतर बदामाच्या आकाराचा केकचा डबा. दोन्ही वस्तू पुढच्या दिवाळीला माळ्यावर सापडतात, कोऱ्याच्या कोऱ्या.

त्यांत वस्तूचा दोष कमीच असतो. डबा ओव्हनमध्ये मावत नाही, नाहीतर ती वस्तू घरात आधीच दोन नगांनी असते, नाहीतर भेट घेणारी पाव करते आणि देणारा केकचं सामान देतो. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानात नको, त्यांच्या स्वयंपाकघरात करा.

आधी चौकशी, तीही गुपचूप

तीन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं. भाजतात कशात, जास्त काय भाजतात, आणि घरापुरतं करतात की ऑर्डर घेतात.

कशात भाजतात हे सगळ्यांत महत्त्वाचं. कोल्हापुरात तीन प्रकार दिसतात: ओटीजी (कॉइलवर तापणारा छोटा विजेचा ओव्हन), कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेनं भाजणाराही, मायक्रोवेव्ह आणि कुकर. (चौथाही आहे. रवा, मैदा, तूप डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणणारे. त्यांना भांडी नकोत, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा स्टीलचा डबा द्या, दुवा देतील.)

ओटीजी असेल तर आतल्या ट्रेची लांबी-रुंदी मोजा. टेप काढून मोजणं बरं दिसत नसेल तर वितीनं मोजा; आपली वीत किती इंच आहे ते घरून निघतानाच बघून ठेवा. ट्रेच्या मापातून दोन इंच वजा केले की उरतं ते डब्याचं जास्तीत जास्त माप. हे दोन इंच गरम हवा फिरायला लागतात. डबा भिंतींना खेटून बसला की कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. डब्याच्या काठाची वळलेली पट्टी आणि कान यांचंही माप धरायचं, लोक नेमकं तेच विसरतात.

मायक्रोवेव्ह असेल तर आतली काचेची थाळी फिरती असते. चौकोनी डब्याचे कोपरे फिरताना भिंतीला अडतात, म्हणून गोलच घ्या आणि थाळीच्या व्यासापेक्षा दोन इंच लहान. धातूचा डबा फक्त कन्व्हेक्शन मोडवर चालतो, मायक्रोवेव्ह मोडवर ठिणग्या उडतात. भेटीच्या चिठ्ठीत हे एक वाक्य लिहून टाका.

कुकरमध्ये करणाऱ्यांना बहुतेक वेळा ६ इंची डबा पुरतो. डबा आणि कुकरची भिंत यांत बोटभर तरी फट हवी, आणि डबा तळाला टेकू नये म्हणून खाली ठेवायची छोटी तिवई सोबत दिली तर भेट पूर्ण होते. शिट्टी आणि रबर काढून भाजतात हे त्यांना माहीत असतंच.

पहिली पसंती: वजनकाटा

ज्यांच्याकडे काटा नाही त्यांना दुसरं काही देऊ नका. साधारण अडीचशे ते साडेचारशे रुपयांत एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किंवा दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो. वाटीनं मोजलेला मैदा हे घरच्या केक बिघडण्याचं मोठं कारण आहे. तीच २४० मिलीची वाटी चाळून हलक्या हातानं भरली तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मैदा बसतो. पिशवीत खुपसून दाबून भरली तर दीडशेच्या घरात जातो. दोन वाट्यांच्या केकमध्ये पन्नास ग्रॅम मैदा जास्त पडला की केक कोरडा होतो, आणि दोष बिचाऱ्या बेकिंग पावडरला जातो.

काटा दुकानातच तपासा. दहा रुपयांची दहा नाणी खिशात घेऊन जा. त्यांचं वजन ७७ ग्रॅम भरतं, जुनी-नवी मिसळली तरी. ७६ ते ७८ दाखवलं तर ठीक. मग तीच नाणी ताटलीच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा; जागा बदलली की आकडा बदलत असेल तर तो नग परत करा. ‘टेअर’चं बटण, म्हणजे भांड्याचं वजन शून्य करणारं, नीट चालतं का तेही बघा.

स्वस्त काट्याची एक खोड आहे. चिमूट-चिमूट करून हळूहळू टाकलेली वस्तू तो धरतच नाही, कारण बारीक बदल तो आपोआप शून्यात जिरवतो. दोन-तीन ग्रॅम यीस्ट किंवा सोडा यावर मोजू नये, त्याला चमचेच हवेत. म्हणून काट्यासोबत दीडशे-दोनशे रुपयांचा स्टीलच्या मापाच्या चमच्यांचा सेट दिला तर जोडी जमते. अंक कोरलेले बघून घ्या, छापलेले चार महिन्यांत घासून जातात. मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा ५ मिलीचा असायला हवा. घरी नेल्यावर काट्यावर पाणी मोजून पडताळता येतं: १५ मिली पाणी म्हणजे १५ ग्रॅम.

आणि सेल घालून द्या. नुसतं खोकं दिलं की ते पाडव्यापर्यंत उघडत नाही.

काटा आधीच असेल तर ओव्हनचा थर्मामीटर

तीनशे ते सहाशे रुपयांची ही वस्तू फारसं कुणी स्वतःहून घेत नाही, म्हणूनच भेटीला उत्तम. ओटीजीच्या गोल बटणावर १८० लिहिलेलं असतं, आत मात्र १६० किंवा २०० असू शकतं. छोट्या ओव्हनमध्ये वीस अंशांचा फरक नवलाचा नाही. केकला मधोमध उंच डोंगर येऊन वर भेग पडते, तेव्हा उष्णता बहुतेक जास्त असते. तासभर भाजूनही मध्ये खळगा पडतो, तेव्हा ती कमी असण्याची शक्यता मोठी.

घेताना धातूची बॉडी, काचेचं तोंड, टांगताही येईल आणि उभाही राहील असा घ्या. ३०० अंशांपर्यंत मोजणारा पुरे. मांसात खुपसायचा टोकदार थर्मामीटर वेगळा, तो ओव्हनच्या हवेचं तापमान सांगत नाही. आणि लांबून रोखायची तापमापक बंदूक फक्त पृष्ठभागाचं तापमान मोजते.

सोबतच्या चिठ्ठीत वापर लिहा: मधल्या जाळीवर, दारातून दिसेल असा ठेवायचा, कॉइलला चिकटून नाही. ओव्हन १८० वर लावून वीस मिनिटं थांबायचं, मग दर पाच मिनिटांनी चार वेळा आकडा टिपायचा. कॉइल चालू-बंद होत असल्यामुळे आकडा वर-खाली होणारच, चारींची सरासरी धरायची. सरासरी १६५ आली तर यापुढे बटण १९५ वर लावून बघायचं. वाचायला दार उघडू नये. उघडलं की उष्णता बाहेर, आणि मोजायचं काय राहिलं?

केकचे डबे: स्वस्त आहेत, म्हणून जपून

अॅल्युमिनियमचा साधा गोल डबा दीडशे-अडीचशे रुपयांत येतो. नवशिक्यांना ६ इंची, तीन इंच उंचीचा द्या. अर्ध्या किलोच्या केकला हेच माप लागतं. ८ इंची फक्त दोन इंचांनी मोठा वाटतो, पण त्याला त्याच जाडीचा केक करायला पावणेदोनपटीहून थोडं जास्तच पीठ लागतं. ६ इंचीच्या मापाचं पीठ ८ इंचीत ओतलं की जाड भाकरी तयार होते. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की डब्याच्या तळाला चिठ्ठी चिकटवून द्यावी: “पीठ अर्ध्यापर्यंत, फार तर दोनतृतीयांश.”

डबा हातात घेऊन बघायच्या गोष्टी: बाजू सरळ उभ्या हव्यात. वर पसरट असलेल्या डब्यातले दोन थर एकावर एक बसत नाहीत. अंगठ्यानं दाबल्यावर तळ डबडब वाजत असेल तर पत्रा पातळ आहे, तो तापल्यावर वाकतो आणि केक एका बाजूला कलतो. सांध्याचा डबा टाळा, त्या फटीत पीठ अडकतं. काळा नॉन-स्टिक डबा लवकर लाल करतो, त्यात तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवावं लागतं, आणि सुरीचा एक ओरखडा पडला की त्याचं नॉन-स्टिकपण संपलं. भेटीला पांढरा अॅल्युमिनियमच बरा. कडी उघडून बाजू सुटणारा डबा चीजकेकवाल्यांसाठीच. पातळ पीठ त्यातून गळतं.

पाव करणाऱ्यांना ८ बाय ४ इंचाचा लांबट डबा द्या. सिलिकॉनचे साचे दिसायला गोड, पण त्यांत केकची बाजू नीट लाल होत नाही आणि भरलेला साचा उचलताना लचकतो. चॉकलेटं पाडणाऱ्यांना मात्र ते हवेतच.

उद्यमनगरची भेट

ही कोल्हापुरातच सहज जमणारी गोष्ट. पिझ्झा, पाव, नान करणाऱ्यांना जाड लोखंडी पाटी लागते. तापलेल्या पाटीवर पिठाचा गोळा ठेवला की खालून एकदम धग मिळते, पाव फुगतो आणि तळ खुसखुशीत होतो. बाजारात तयार ‘बेकिंग स्टील’ महाग असतं. उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, पत्रा कापून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये माइल्ड स्टीलची (साध्या पोलादाची) पाटी कापून घ्या. २५ बाय २५ सेंटिमीटर, ५ मिलिमीटर जाड पाटीचं वजन जवळजवळ अडीच किलो भरतं. भाव किलोवर लागतो, कापणावळ वेगळी. तरी पाचशेच्या आत काम व्हायला हरकत नाही.

सांगताना चार गोष्टी स्पष्ट सांगा. साधं माइल्ड स्टील हवं, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात नको. तो तापवून वर खाणं भाजायला योग्य नाही. जाडी ५ ते ६ मिलिमीटर, पण ६ मिलिमीटरची ३० बाय ३० पाटी सव्वाचार किलोच्या आसपास जाते आणि छोट्या ओटीजीची जाळी वाकते, म्हणून वजन बघूनच माप ठरवा. कडा आणि कोपरे ग्राइंडरनं गोल करून घ्या. आणि रंग किंवा वॉर्निश मारू देऊ नका. “ताई, गंजंल की!” म्हणून कारागीर प्रेमानं मारायला निघतो, त्याला थांबवा.

घरी आणल्यावर पाटीवर काळसर पापुद्रा दिसेल. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून सकाळी तारेच्या घासणीनं घासा, साबणानं धुवा, लगेच कोरडी करा. मग तेलाचा अगदी पातळ हात. इतका पातळ, की पुसून काढल्यासारखा वाटावा. जाड थर दिला तर चिकट डाग राहतात. गॅसवर किंवा २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर तापवा, गार होऊ द्या, पुन्हा दोनदा हेच. बिडाच्या तव्याला जे करतो तेच. भेट देण्याआधी हे तुम्ही करून दिलंत तर पाटी पहिल्या दिवसापासून वापरात येते. वापरताना ती रिकाम्या ओव्हनमध्ये पाऊण तास तापवावी लागते. दहा मिनिटांत काढली तर नुसतं ओझं.

शंभर ते अडीचशेच्या छोट्या वस्तू

सिलिकॉनचा उलथना एकसंध घ्या, दांडा वेगळा बसवलेला नको. सांध्यात पाणी शिरून वास धरतो. पातं चिमटीत पिळून बघा, पांढरी रेघ उमटली तर त्यात भरताड असल्याचा संशय घ्या. केक गार करायची जाळी सगळे विसरतात. तिचे पाय निदान दोन सेंटिमीटर उंच हवेत. गरम केक ताटात ठेवला की वाफ खाली अडते आणि तळ ओला होतो. आठ इंची वाकड्या मानेची पॅलेट नाइफ क्रीम लावणाऱ्यांना रोज लागते.

बटर पेपरचं मात्र नीट बघा. त्या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकतात. मिठाईत घालतात तो पातळ, चकचकीत कागद केकला चिकटतो, आणि मेणाचा असेल तर ओव्हनमध्ये धुरकटतो. पाकिटावर बेकिंगसाठी आणि २२० अंशांपर्यंत असं लिहिलेलं असेल तोच रोल घ्या.

नोझल द्यायचेच असतील तर चोवीसचा सेट नको. मोठ्या चांदणीचा एक, मोठ्या गोल तोंडाचा एक, पानाचा एक, आणि क्रीम भरायच्या बारा इंची पायपिंग बॅगा. तीन नोझल नीट वापरले जातात, एकवीस डब्यात गंजतात. ऑर्डर घेणाऱ्यांना तर याहून साधी गोष्ट उपयोगी: केकचे खोके आणि खालचे पुठ्ठे. अर्ध्या किलोला ८ बाय ८ बाय ५ इंच, किलोला १० बाय १० बाय ५. दहा-दहाचा गठ्ठा, वर एक रिबिनीचं रीळ. भेट म्हणून नीरस वाटते खरी, पण नाताळच्या आठवड्यात तिच्याइतकी कामाची दुसरी नाही.

खाण्याच्या वस्तू द्यायच्या असतील तर

कोको पावडर चांगली भेट आहे, फक्त ड्रिंकिंग चॉकलेट उचलू नका. त्यात बरीचशी साखरच असते. पाकिटावर आम्लता नियंत्रक ५००(२) किंवा ५०१(२) लिहिलेलं असेल तर तो अल्कलीनं सौम्य केलेला कोको. तो बेकिंग पावडरच्या कृतीला योग्य. नुसत्या सोड्याच्या कृतीत, दही-ताकासारखं दुसरं आंबट नसेल, तर साबणासारखी चव येऊ शकते.

चॉकलेटच्या विटा ऑक्टोबरच्या उन्हात पार्सलनं पाठवू नका. वितळून पुन्हा गोठल्या की पांढरा थर येतो. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते, पण पाहुणे फेकून देतात. यीस्ट दिलंत तर तारीख बघून छोटी पाकिटं. मोठा अर्धा किलोचा पुडा उघडल्यावर लवकर निकामी होतो. व्हिपिंग क्रीम भेटीला नकोच, ते फ्रीझरमधून फ्रीझरमध्येच जायला हवं.

आपल्याकडे एक वस्तू मात्र अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या बेकरांना हेवा वाटावा अशी: गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केकसाठी पिवळाधमक नको, गडद तपकिरी, रसायन न घातलेला घ्या. तो रंग आणि चव दोन्ही देतो. त्याची बरणी अशी भरा.

गव्हाच्या गूळ-केकची बरणी

खर्च साधारण दोनशे रुपये, बरणीसकट. ५०० मिलीची काचेची बरणी धुऊन पूर्ण वाळवा. ओलावा राहिला तर बेकिंग पावडर बरणीतच काम करून संपते.

कोरडं मिश्रण: गव्हाचं पीठ १५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा पाव चमचा (इथले सगळे चमचे छोटेच), मीठ पाव चमचा, वेलदोडा पूड अर्धा चमचा, सुंठ पाव चमचा. तीन वेळा एकत्र चाळा, बरणीत भरा, वर ४० ग्रॅम काजूचे तुकडे.

गूळ १२० ग्रॅम किसून वेगळ्या छोट्या पिशवीत बंद करा आणि बरणीच्या गळ्याला बांधा. पिठातच मिसळलात तर गूळ ओल धरतो, सोडा जागा होतो आणि महिन्याभरात बरणीत दगड तयार होतो. गुळाच्या भेटी फसतात त्या इथेच.

चिठ्ठीवर लिहायची कृती: गूळ ६० मिली कोमट पाण्यात विरघळवा, गाळा (चिपाडं आणि खर निघतेच), गार करा. दूध वापरू नका, गुळानं तापलेलं दूध फुटतं. त्यात घुसळलेलं दही १५० मिली आणि वास नसलेलं तेल ७५ मिली घाला. बरणीतलं मिश्रण घालून पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा, जास्त फेटलं की केक चिवट होतो. लगेच ६ इंची डब्यात ओता, तापलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. गुळामुळे वरचा भाग लवकर काळपट होतो. अर्ध्या तासानंतर तसं दिसलं तर वर फॉइल झाका. मध्ये घातलेली काडी कोरडी आली की झाला.

चक्कीचं ताजं पीठ महिन्यापलीकडे खवट होऊ लागतं, म्हणून झाकणावर “या तारखेच्या आत करा” असं लिहा. भरल्या दिवसापासून चार आठवडे.

कुणाला काय, कितीत

शेजारच्या काकूंना दीडशेत: उलथना किंवा बटर पेपरचा रोल. बहिणीला भाऊबिजेला पाचशेत: काटा आणि चमचे, ते असतील तर थर्मामीटर. सोसायटीतल्या चौघींनी मिळून हजार-बाराशे जमवले असतील तर स्वस्तातला हॅण्ड मिक्सर घेण्याचा मोह होतो. त्या भावात मिळणाऱ्या बऱ्याच मशीनची मोटर जाड पिठाला पाच मिनिटांत तापते, त्यापेक्षा काटा, थर्मामीटर आणि दोन सारखे ६ इंची डबे एकत्र द्या. दोन सारखे डबे असले की दोन्ही थर एकाच वेळी भाजून होतात आणि केक आडवा कापायची कसरत वाचते.

खरेदी शक्यतो लक्ष्मीपुजनाच्या चार दिवस आधी उरका. नंतर भांड्यांच्या दुकानात नग तपासायला कुणी वेळ देत नाही. बिल घेऊन ठेवा आणि डब्यांच्या बाबतीत “माप बसलं नाही तर बदलून देणार का” हे पैसे देण्याआधी विचारा. गिफ्ट पेपरऐवजी डबा स्वयंपाकघरातल्या जाड सुती पंचात बांधून दिला तर गरम भांडं धरायला कापडही मिळतं. लोखंडी पाटी मात्र आधी वर्तमानपत्रात गुंडाळा, नाहीतर तेलाचा डाग पंचावर आणि पंचाचे धागे पाटीवर.